घरचा राखणदार आणि त्याचे घड्याळ

(तलासरी तालुक्यातील ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक व प्राथमिक शिक्षक यांच्या मेळाव्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एका निवृत्त निदेशकांनी केलेले भाषण.)



घराला किंवा वाडीला बसविलेल्या सुरक्षा कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठविणारा जो रेकॉर्डर असतो, त्याच्या वापराविषयी मी आपल्याशी बोलावे, अशी मला सूचना करण्यात आली. विषय ऐकून काहींना वाटले असेल की, हा शहरातल्या बंगलेवाल्यांचा प्रश्न, आमच्या पाड्यांचा त्याच्याशी काय संबंध? पण आज डहाणूच्या बाजारपेठेतील दुकाने, बोर्डी-घोलवडच्या चिकूवाड्या, महामार्गावरची उपाहारगृहे आणि आपल्यापैकी कित्येकांची घरेदेखील या यंत्राच्या नजरेखाली आहेत. ग्रामपंचायत कार्यालयातही तो आला आहे आणि शाळेतही. यंत्र आले, पण ते कसे सांभाळावे हे ज्ञान मागेच राहिले. आमच्या घरी तर या रेकॉर्डरला सरळ 'डबा' म्हणतात, आणि डब्यासारखाच तो माळ्यावर टाकून सर्वजण विसरून गेलेले असतात.

मी स्वतः चाळीस वर्षे विजेच्या आणि तारांच्या कामात घालविली. असे असूनही या डब्याने माझी कशी फजिती केली आणि त्यापायी एका निरपराध माणसाला काय सोसावे लागले, ते आधी सांगतो.

घोलवडच्या बाजूला माझी चिकूची लहानशी वाडी आहे. २०१९ सालच्या हिवाळ्यात एका रात्री विहिरीवरचा पाण्याचा पंप चोरीस गेला. फाटकावर कॅमेरा होता. सकाळी आम्ही रेकॉर्डर उघडून पाहिला, तर वाडीवर राबणारा एक तरुण गडी खांद्यावर भले मोठे गाठोडे घेऊन फाटकाबाहेर जाताना स्पष्ट दिसला. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ होती रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटे. त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मी साडेआठच्या सुमारास चिकूची प्रतवारी आटोपून निघालो, गाठोड्यात माझी ताडपत्री होती." तो तलासरीकडचा. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, ती आपणा सर्वांना मी सांगण्याची आवश्यकता नाही. त्या हिवाळ्यात घराघरांतील माणसे अंगणात, तंबूत, ताडपत्रीखाली झोपत होती. त्याचे म्हणणे अगदी साधे होते. पण यंत्र अकरा वाजून दहा मिनिटे सांगत होते आणि तो साडेआठ सांगत होता. ज्या टेम्पोतून तो घरी गेला, त्याच्या चालकाने त्याच्या बाजूने सांगितले, तर तो त्याचा नातलग निघाला. म्हणून त्याचेही कोणी ऐकले नाही. त्याला दोनदा चौकशीसाठी जावे लागले. मीही त्याच्या बाजूने एक शब्द बोललो नाही. यंत्र कशाला खोटे बोलेल, असेच मला वाटले.

पुढे चार दिवसांनी रात्री पुन्हा धक्का बसला. आम्ही सारे अंगणात धावलो. दुसऱ्या दिवशी माझ्या नातीला हौस वाटली की, धक्का बसताना ओटीवरचा दिवा कसा हलला ते कॅमेऱ्यात पाहावे. तिने धक्क्याची वेळ लावून पाहिली. दिवा जागच्या जागी स्थिर. पुढे शोधत शोधत गेली, तेव्हा बरोबर अडीच तासांनंतरच्या चित्रीकरणात दिवा हेलकावे खाताना आणि आम्ही सारे धोतर-लुगडी सावरत बाहेर पळताना दिसलो. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने त्या धक्क्याची जी वेळ प्रसिद्ध केली होती, ती आमच्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळत होती. जुळत नव्हता तो केवळ डबा.

कारण अगदी क्षुल्लक होते. हे रेकॉर्डर बहुतांशी चीनमध्ये तयार होतात आणि कारखान्यातून निघताना त्यांचे घड्याळ तेथील प्रमाणवेळेवर लावलेले असते. ती वेळ आपल्या भारतीय प्रमाणवेळेपेक्षा अडीच तास पुढे आहे. बसविणाऱ्याने ते बदलले नव्हते आणि मी कधी पडताळले नव्हते. अकरा दहातून अडीच तास वजा करा. आठ वाजून चाळीस मिनिटे होतात. तो गडी पहिल्यापासून खरे तेच सांगत होता. मी जाऊन त्याची क्षमा मागितली, चौकशी करणाऱ्यांकडेही लेखी कळविले. त्याने मला पाणी दिले, बसायला खाट दिली. पण तो पुन्हा माझ्या वाडीवर कामाला आला नाही. पंपाचाही तपास लागला नाही.

सबब, या यंत्राविषयी सांगण्यासारखे जे काही आहे, त्यात मी घड्याळाला पहिला मान देतो. रेकॉर्डरच्या मांडणीत कालविभाग निवडण्याची सोय असते. तेथे ग्रीनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे, अशी निवड करावी. इंटरनेटची जोडणी असल्यास यंत्र आपले घड्याळ आपणच दुरुस्त करून घेते, तशी आज्ञा मात्र त्याला एकदा द्यावी लागते. जोडणी नसेल, तर दर सोमवारी मोबाइलमधील वेळेशी पडताळून पाहावे आणि किती फरक पडला ते वहीत लिहून ठेवावे. ही वही पुढे फार उपयोगी पडते. कारण घड्याळ चुकलेले असले तरी किती चुकलेले होते हे लिहिलेले असेल, तर चित्रीकरण वाया जात नाही. यंत्राच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. तो संपला की वीज जाऊन येताच घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. महावितरणची वीज पावसाळ्यात आपल्याकडे किती वेळा जाते, ते आपण जाणताच. एका परिचिताच्या दुकानातील चोरी अशी १ जानेवारी २००० या तारखेला नोंदली गेली. तेव्हा त्या दुकानाचा पायाही घातलेला नव्हता.

आता हा डबा करतो काय, ते थोडक्यात पाहू. कॅमेरा चित्र टिपतो; रेकॉर्डर ते चित्र संक्षिप्त करून आतील हार्ड डिस्कवर लिहितो. जुन्या पद्धतीत प्रत्येक कॅमेऱ्यापासून रेकॉर्डरपर्यंत जाड केबल येते, त्याला डीव्हीआर म्हणतात. नव्या पद्धतीत संगणकाच्या जाळ्याची केबल येते, त्याला एनव्हीआर म्हणतात. हार्ड डिस्क भरली की यंत्र थांबत नाही. सर्वांत जुने चित्रीकरण पुसून त्याच जागी नवे लिहू लागते. शाळेतील फळ्यासारखेच हे आहे. फळा भरला की गुरुजी वरच्या ओळीपासून पुसत येतात.

तेव्हा आपला फळा किती दिवसांत भरतो, हे प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट या गतीने चित्र पाठवीत असेल, तर २४ तासांत सुमारे २१.६ गिगाबाइट जागा लागते. चार कॅमेऱ्यांना ८६ गिगाबाइटच्या वर. म्हणजे १ टेराबाइटची हार्ड डिस्क अकरा दिवसांच्या आसपास भरते. बाराव्या दिवशी पहिला दिवस गेला. आपल्याकडील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा गुजरातच्या बाजूला कामाला जातात, मच्छीमार बांधव अनेक दिवस समुद्रात असतात. परत येऊन कुलूप तुटलेले दिसते तेव्हा पंधरवडा उलटून गेलेला असतो आणि डब्यात मागील दहा-अकरा दिवसांचे रिकामे अंगण तेवढे असते. अशांनी मोठी हार्ड डिस्क घ्यावी किंवा हालचाल होईल तेव्हाच चित्रीकरण करण्याची सोय वापरावी. मात्र ही दुसरी सोय वाटते तितकी निर्धोक नाही. वाऱ्याने हलणारी झावळी हीदेखील हालचालच. रात्रीच्या अदृश्य प्रकाशाकडे किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर जाळे विणतो. रात्रभर ते जाळे हलत राहते, डबा रात्रभर जाळ्याचे चित्रण करतो. आठवड्यातून एकदा कॅमेऱ्यावर मऊ कुंचला फिरविणे हा त्यावरचा उपाय; त्यासाठी कोणत्याही अभियंत्याची गरज नाही.

या ठिकाणी एक तुलना सांगतो. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीरसिंग सैनी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांविषयी आदेश दिला. त्यात चित्रीकरण अठरा महिने टिकावे, अशी यंत्रे बाजारात नसतील तर जास्तीत जास्त काळ टिकेल असे यंत्र घ्यावे आणि कोणत्याही परिस्थितीत एक वर्षाच्या खाली येऊ नये, असे म्हटले आहे. घरच्या रेकॉर्डरकडून कोणी अशी अपेक्षा करीत नाही. पण घटना घडल्यावर त्याच दिवशी प्रत काढून ठेवणे हे घरधन्याचे काम आहे, आणि ते दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नाही.

प्रत काढणे म्हणजे पडद्यासमोर मोबाइल धरून त्याचे चित्रण करणे नव्हे. हा प्रकार सर्वत्र चालतो आणि त्यासारखे नुकसान दुसरे नाही. पेन ड्राइव्ह लावून यंत्राच्या मूळ स्वरूपातच प्रत उतरवून घ्यावी. घटनेच्या आधीचा व नंतरचा निदान अर्धा-अर्धा तास तीत असावा. गुन्हा गंभीर असेल, तर यंत्र सुरू ठेवून त्यावर लिहीत बसू देण्यापेक्षा ते रीतसर बंद करून पोलिसांच्या स्वाधीन करणे बरे.

अधिकारी मंडळींनी येथे विशेष लक्ष द्यावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील कलम ६५-ब ची जागा आता कलम ६३ ने घेतली आहे. अशा चित्रीकरणाची प्रत न्यायालयात द्यावयाची, तर सोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग आहेत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात चित्रफितीचे 'हॅश' मूल्यही नमूद करावे लागते. हॅश म्हणजे त्या फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी ठसा बदलतो.

हे प्रमाणपत्र म्हणजे कागदी सोपस्कार, असे वाटत असेल तर आपल्याच राज्यातील जालन्याचे उदाहरण पाहा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघाचा निकाल २९६ मतांच्या फरकाने लागला. निवडून आलेल्या उमेदवाराचे नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनची मुदत संपल्यावर स्वीकारले गेले, असा प्रतिपक्षाचा दावा होता. निर्णय निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात व्हिडिओ चित्रीकरण चालू होते. म्हणजे पुरावा तेथेच होता. त्याच्या प्रती मिळाल्या, पण त्यांसोबतचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांकडून मिळाले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने ते देशभर ओळखले जाते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ यंत्रच न्यायालयात आणले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र ज्याने ते मिळविण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि ज्याच्या हाती ते देणे नव्हते, त्याला त्यापायी दंडित करता येणार नाही. निर्णय लागला तोवर त्या विधानसभेची मुदतही संपून गेली होती. घड्याळात तीन वाजले होते की नव्हते, एवढ्या प्रश्नासाठी इतकी वर्षे लागली. तेव्हा ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कॅमेऱ्याची प्रत उद्या कोणी रीतसर मागितली, तर प्रमाणपत्रावर सही कोणी करावयाची हे आजच ठरवून ठेवावे. यंत्र कोणाच्या ताब्यात आहे, हे लेखी नसलेल्या कार्यालयात कोणीच सही करीत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता जो भाग बोलताना मलाही जड जाते, त्याकडे वळतो. २०१८ साली देशभर मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलून पसार होतात. सुरक्षा कॅमेऱ्याने टिपल्यासारखे ते दृश्य होते. मुळात ती कराचीतील बालसुरक्षेच्या प्रचाराची चित्रफीत होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवितात. हा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. उरलेला तुकडा गावोगाव भयाचे बी पेरीत गेला. त्याच वर्षी १ जुलै रोजी मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवांतून धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा जमावाने बळी घेतला. आणि १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या झाली. त्याआधी परिसरात चोर आणि मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या. त्याविषयी येथे अधिक बोलणे उचित नाही. मात्र एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणातील अठरा आरोपींच्या जामीन अर्जांवर निर्णय देताना कॅमेऱ्यांचे चित्रीकरण विचारात घेतले. दहा जणांना जामीन मिळाला, आठ जणांना नाकारण्यात आला. कोण काय करताना दिसतो आणि कोण नुसता उभा आहे, हा भेद जेव्हा माणसाच्या तुरुंगवासाशी जाऊन भिडतो, तेव्हा प्रत अखंड असणे आणि वेळ खरी असणे याचे मोल कळते.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की, आपल्या डब्यातील तुकडे गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. "हा संशयित दिसतो, ओळखा" असे लिहून टाकलेला तुकडा परत घेता येत नाही. माझ्या वाडीवरील गड्याचे चित्र मी त्या वेळी गटावर टाकले नाही, याचे श्रेय माझ्या शहाणपणाला नाही. तेव्हा मला ते तंत्र येत नव्हते, इतकेच.

कॅमेऱ्याचे तोंड कोठे असावे, याविषयीही दोन शब्द. आपले फाटक, आपला ओटा, आपली विहीर एवढ्यापुरतेच ते असावे. शेजाऱ्याचे अंगण, स्त्रियांची पाणवठ्याकडे जाण्याची वाट, न्हाणीचा आडोसा यांकडे ते वळलेले नसावे. बहुतेक रेकॉर्डरमध्ये चित्राचा नको असलेला भाग काळ्या चौकटीने झाकण्याची सोय आहे, ती वापरावी. आश्रमशाळा आणि वसतिगृहे सांभाळणाऱ्या शिक्षकांना अधिक सांगावयास नको; स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे वा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. घराचा कॅमेरा जन्मला तो मुळी घरातील माणसाला निर्भय वाटावे म्हणून. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची परिचारिका राहत असे. कामाच्या वेळा अवेळी, रात्री घरी एकटी, बोलावले तर पोलीस लवकर येत नसत. तिने पतीच्या साहाय्याने दारावर सरकता कॅमेरा आणि आत चित्रपट्ट, दारापलीकडच्या माणसाशी बोलण्याची सोय अशी योजना आखली आणि १९६९ साली तिला तिचे एकस्व मिळाले. तो कॅमेरा तिच्याच दाराबाहेर पाहत होता, शेजारणीच्या खिडकीत नव्हे.

पासवर्डविषयी. कारखान्याने दिलेला पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकविणे. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या एका उपद्रवी प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर अशाच कारखान्याच्या पासवर्डांची यादी वापरून ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्या यंत्रांच्या साहाय्याने हल्ला चढवून अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे काही तासांपुरती बंद पाडली. घरधन्यांना त्याचा पत्ताही नव्हता. बसविणाऱ्या कारागिराकडून पासवर्ड लिहून घ्यावा आणि तो निघून गेल्यावर बदलावा. कारागिरावर अविश्वास म्हणून नव्हे. उद्या दुसरीकडे चोरी झाली तर त्याच्यावरही संशय येऊ नये म्हणून.

जागेबद्दल एवढेच सांगतो की, रेकॉर्डर दर्शनी टेबलावर नसावा. चोर जाताना प्रथम त्यालाच उचलतो. हवा खेळेल अशा कुलूपबंद पेटीत, भिंतीला घट्ट बसवून ठेवावा. आपल्याकडे धक्के बसतात. फळीवरून पडलेली चालू हार्ड डिस्क सहसा वाचत नाही. किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेने केबलची टोके गंजतात, ती वर्षातून एकदा बदलावी. छोटा यूपीएस आणि नीट अर्थिंग यांवरचा खर्च मृगाच्या पहिल्या गडगडाटातच वसूल होतो. हार्ड डिस्क संगणकाची जुनी काढून लावू नये; रात्रंदिवस लिहीत राहण्यासाठी निराळ्या मिळतात, त्या घ्याव्यात. आणि पडद्यावर चित्र दिसते म्हणून ते साठवले जात आहे असे समजू नये. हार्ड डिस्क बंद पडूनही चित्र दिसत राहते. महिन्यातून एकदा मागील आठवड्याचा एखादा तास लावून पाहिला की ते कळते.

बाहेर ओसरीवर दोन रेकॉर्डर मांडून ठेवले आहेत, त्यांपैकी एकाचे घड्याळ मी मुद्दाम चुकवून ठेवले आहे. चहा घेऊन झाला की प्रत्येक ग्रामपंचायतीतून एकाने पुढे यावे आणि स्वतःच्या हाताने कालविभाग बदलावा, तारीख लावावी, पेन ड्राइव्हवर पाच मिनिटांची प्रत उतरवावी. शिक्षकांनी वही सोबत आणली असेल, तर घड्याळाच्या फरकाची पहिली नोंद आजच्या तारखेची करता येईल.